दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया : व्रण केव्हा फिका पडतो आणि पुन्हा हात कधी लावावा

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या मुलीचा ओठ आणि टाळू डाव्या बाजूने जन्मतःच दुभंगलेले आहेत. ती चार महिन्यांची असताना ओठाची शस्त्रक्रिया झाली आणि टाके काढले त्या दिवशी ओठ इतका सुरेख जुळलेला होता की माझ्या आईने आनंदाने सगळ्या नातेवाइकांना छायाचित्रे पाठवली. त्यानंतर दोन महिन्यांत मात्र चित्र पालटले आहे. व्रण लालभडक झाला आहे, बोटाला सुतळीसारखा कडक लागतो आणि त्या बाजूचा ओठ नाकाकडे ओढला गेल्यामुळे ओठाच्या कडेला बारीकशी खाच दिसू लागली आहे. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांना दाखवले, तर त्यांनी पाहताक्षणी, "टाका नीट बसलेला नाही, पुन्हा करून घ्यावे लागेल," असे सांगितले. मूळ शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची पुढची तारीख अजून लांब आहे.

व्रण असाच राहतो का, पुन्हा शस्त्रक्रिया करायची झाल्यास ती केव्हा करावी, आणि टाळूच्या शस्त्रक्रियेचाही असाच व्रण उरतो का, हे मला जाणून घ्यायचे आहे. घरात आत्याबाईंनी ग्रहणाचा विषय काढला आहे. पत्नीने त्या दिवशी विळीवर भाजी चिरली होती असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यामुळे घरातील वातावरण अधिकच अवघड झाले आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोकणकडा

ग्रहणाचे आधी उरकून टाकू. ग्रहण एका घराला लागत नाही, ते साऱ्या जिल्ह्याला लागते. विळीने ओठ दुभंगत असता, तर त्या वर्षी जिल्ह्यातील प्रत्येक पाळण्यात असे मूल दिसले असते. गर्भाचा वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो आणि टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळून येते. दोन्ही बाजूंनी वाढत येणारे भाग मध्ये भेटले नाहीत की फट राहते. ओठ सांधला जाण्याच्या त्या काळात कित्येक स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत हेसुद्धा पक्के ठाऊक नसते. आनुवंशिकतेचा वाटा, अपस्माराची काही औषधे, धूम्रपान, फॉलिक आम्लाची कमतरता अशी अनेक कारणे एकत्र येतात आणि बहुतेक कुटुंबांत कोणत्याही एका कारणावर बोट ठेवता येत नाही. आत्याबाईंना हे एखाद्या वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावे, म्हणजे वहिनींच्या डोक्यावरचा भार उतरेल.

शल्यकर्मी

मी प्लास्टिक सर्जन आहे. आता निवृत्त झालो असलो, तरी या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. बाळाला न पाहता निदान करणे योग्य नाही. परंतु तुम्ही जे वर्णन केले आहे, ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातील ओठाचे अगदी नेहमीचे चित्र आहे, आणि केवळ त्यावरून "टाका बसला नाही" असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

जखम भरण्याची रीत समजली की निम्मी काळजी कमी होते. पहिल्या काही दिवसांत जखमेच्या कडा चिकटतात आणि टाके काढताना ओठ छान दिसतो, पण त्या वेळी त्या सांध्यात बळ जवळजवळ नसतेच. तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवीन कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळ देणारे तंतुमय प्रथिन, भराभर साठते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि व्रण आकसू लागतो. म्हणूनच सहाव्या ते बाराव्या आठवड्यांच्या सुमारास तो सर्वांत लाल, सर्वांत कडक आणि सर्वांत आखूड असतो, नेमका तेव्हाच पाहुणा येऊन "हे काय झाले?" असे विचारून जातो! त्यानंतर शरीर घाईघाईने घातलेले कोलॅजन मोडून त्या जागी अधिक पक्के आणि अधिक शिस्तीत रचलेले कोलॅजन घालू लागते. हे काम वर्षभर, कधी दीड-दोन वर्षे चालते. त्या काळात लाली ओसरते, कडकपणा सैलावतो आणि वर ओढलेला ओठ बराचसा खाली येतो. पूर्ण पक्व झालेला व्रणही मूळ त्वचेच्या सुमारे ऐंशी टक्के बळापर्यंतच पोहोचतो आणि त्याची रेघ कधीही संपूर्ण नाहीशी होत नाही. हे कोणत्याही सर्जनाने आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगायला हवे.

ओठ वर का ओढला जातो, हे टाक्यांच्या आखणीवरूनही कळते. अमेरिकेचे राल्फ मिलार्ड यांनी कोरियात काम करताना शोधलेली आणि १९५५ साली स्टॉकहोमच्या परिषदेत मांडलेली पद्धत आजही जगभर सर्वाधिक वापरात आहे. तिच्यात ओठाचा मधला भाग फिरवून खाली आणतात आणि बाहेरचा भाग पुढे सरकवून त्या जागेत बसवतात. तिचा मोठा गुण असा की नाकाखालच्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना जे नैसर्गिक उंचवटे असतात, त्यांपैकी एकाच्या जागेवरच व्रण येतो आणि तो नैसर्गिक रेषेत लपतो. तिचा दोष असा की जवळजवळ सरळ रेषेतला व्रण आकसला की ओठाची उंची तात्पुरती कमी होते. त्याआधी १९५२ साली टेनिसन यांनी मांडलेल्या पद्धतीत ओठाच्या खालच्या भागात त्रिकोणी तुकडा बसवतात. तिच्यात ओठ आखूड होण्याचा धोका कमी असतो, परंतु नागमोडी व्रण खोबणीला आडवा जातो आणि तो डोळ्यांना खुपतो. २००५ साली कॅनडाच्या फिशर यांनी ओठाच्या नैसर्गिक विभागांच्या सीमारेषांवरच व्रण बसवणारी आखणी दिली आणि हल्ली अनेक तरुण सर्जन ती वापरतात. माझ्या मते पद्धतीच्या नावापेक्षा ती करणाऱ्या हाताचा सराव महत्त्वाचा असतो.

मात्र त्वचेपेक्षाही अधिक महत्त्वाचा भाग आपल्याला दिसत नाही. ओठाभोवती गोल फिरणारा स्नायू दुभंगलेल्या ओठात अर्धवट तुटून नाकपुडीच्या बुडाशी आणि नाकाच्या मधल्या पडद्याच्या पायथ्याशी चुकीच्या जागी चिकटलेला असतो. तो तेथून सोडवून दोन्ही बाजू एकमेकींना नीट जोडल्या, तर सगळा ताण स्नायू सोसतो आणि त्वचेचे टाके सैल राहतात. स्नायू न जोडता नुसती त्वचा ओढून शिवली, तर बाळ प्रत्येक वेळी रडताना किंवा हसताना व्रण दोन्हीकडून खेचला जातो, तो रुंद होतो आणि हसताना त्याच्या शेजारी विचित्र फुगवटा येतो. म्हणून तुम्ही तिचा ओठ ती शांत झोपलेली असतानाही पाहा आणि हसतानाही पाहा. हसताना दोन्ही बाजू सारख्या हलत असतील, तर आतील काम चांगले झाले आहे असे समजायला हरकत नाही.

दुसरी तपासण्याची जागा म्हणजे ओठाचा लाल भाग आणि वरची त्वचा यांच्या सीमेवरून जाणारी बारीक, फिकट, किंचित उंच कड. ती जुळवताना एक मिलिमीटरचा फरक राहिला, तरी समोर बसून बोलणाऱ्याच्या तो लक्षात येतो आणि असा फरक काळाने भरून येत नाही, कारण तो आकसण्याचा परिणाम नसून जुळणीतील पायरी असते. खाच आकसण्यामुळे असेल तर ती सुधारते, पायरी असेल तर ती राहते. हा भेद तुमच्या सर्जनांना विचारा.

सह्यकन्या

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेले वाचून वाईट वाटले, कारण आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. माझ्या मुलाचा व्रण असाच लाल आणि कडक झाला, तेव्हा एका खासगी रुग्णालयात "लवकर केले तर लवकर सुटेल" असे सांगून बाळ वर्षाचे होण्याच्या आधीच दुसरी शस्त्रक्रिया करण्यात आली. तो नवीन व्रणही तसाच लाल झाला, तसाच आकसला आणि आता तेथे आधीपेक्षा कमी ऊतक उरले आहे. लेसर, सिलिकॉनची पट्टी, कांद्याच्या अर्काचे मलम यांपैकी खरोखर उपयोग कशाचा होतो, हेही कृपया लिहावे. औषधांच्या दुकानात प्रत्येक जण वेगळी नळी हातात ठेवतो.

शल्यकर्मी

सह्यकन्याताई, तुमच्या बाबतीत जे घडले ते आपल्याकडे वारंवार घडते. कच्च्या व्रणावर पुन्हा सुरी चालवली की जखम भरण्याचे संपूर्ण चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि ओठाचे ऊतक ही काही पुन्हा भरता येणारी शिल्लक नाही. जखम उसवली, जंतुसंसर्ग होऊन फट पडली, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही सूज पूर्ण ओसरून ऊतक मऊ होईपर्यंत काही महिने थांबणेच शहाणपणाचे असते. एरवी किमान एक वर्ष जाऊ द्यावे. किरकोळ दुरुस्ती सामान्यतः शाळेत जाण्याच्या सुमारास करतात, आणि नाकाची अंतिम शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे सोळा-अठरा वर्षांच्या आसपास.

आता उपचारांविषयी. जखम पूर्ण भरल्यावर आणि सर्जनांनी परवानगी दिल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनंतर, हलक्या दाबाने मालिश करावी. बोटाच्या टोकाने व्रणावर दाब द्यायचा आणि त्वचा खालच्या स्नायूसकट हळूहळू हलवायची. नुसते वरून चोळत राहिल्याने काही साधत नाही. दिवसातून तीन-चार वेळा दोन-तीन मिनिटे पुरतात. खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलीन चालते, दिशेपेक्षा सातत्य महत्त्वाचे. सिलिकॉनचे जेल किंवा पट्टी दिवसातील बारा तास किंवा अधिक याप्रमाणे तीन ते सहा महिने वापरल्यास व्रण सपाट आणि मऊ राहण्यास मदत होते. पण पट्टी बाळ ओढून काढते आणि जेल चाटते, म्हणून बाळ झोपल्यावर पातळ थर लावणे व्यवहार्य ठरते. पट्टी तोंडात जाणार नाही किंवा नाकपुडी झाकणार नाही, हे पाहावे. ओठाच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे ढकलून वर कागदी चिकटपट्टी लावल्यानेही ताण कमी होतो, मात्र त्वचा लाल झाली तर थांबावे. कांद्याच्या अर्काच्या मलमांवर माझा भरवसा नाही.

आपल्या सावळ्या त्वचेत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्रण उंच आणि जाड होण्याची प्रवृत्ती गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते आणि ऊन लागल्यास तो काळसर पडतो. म्हणून उन्हात नेताना टोपी घालावी, आणि बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर डॉक्टरांना विचारून सनस्क्रीन वापरावे. जाड व्रण आपल्या मर्यादेतच राहतो आणि पुढे हळूहळू बसतो. कीलॉइड मात्र मूळ जखमेच्या बाहेर पसरत जाते. सुदैवाने ओठाच्या या व्रणावर खरे कीलॉइड क्वचितच होते. जाडपणा अनेक महिने तसाच राहिला, तर स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा लेसर यांचा विचार तज्ज्ञ करतात. तैवानच्या चांग गुंग रुग्णालयात ओठ शिवताना स्नायूत बोटॉक्स टोचून त्याची हालचाल तात्पुरती मंद केली, तेव्हा व्रण कमी रुंद झाल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. ताण हेच व्रणाचे खरे मूळ असल्याचा तो चांगला पुरावा आहे, पण प्रत्येक बाळासाठी तो नेहमीचा उपचार झालेला नाही.

जाता जाता एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्या देशात या कामाला शिस्त लावणाऱ्यांत मुंबईचे चार्ल्स पिंटो आणि त्यांचे शिष्य हिरजी अदेनवाला यांचे नाव आदराने घेतले जाते. अदेनवाला केरळातील त्रिशूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात गेले, हयातभर तेथेच राहिले आणि तेथील केंद्राला त्यांनी स्वतःचे नव्हे, गुरूचे नाव दिले.

वाणीसाधना

मी वाचा-उपचारक आहे. धागा व्रणाविषयी असला, तरी मला सर्वांना थोडे ओठाच्या आत पाहायला सांगायचे आहे. माळरान यांनी तिसऱ्या प्रश्नात विचारलेला व्रण, म्हणजे टाळूचा व्रण, कोणत्याही छायाचित्रात येत नाही आणि तरीही मुलाचे बोलणे व चेहऱ्याची वाढ यांवर त्याचा परिणाम ओठाच्या रेघेपेक्षा कितीतरी अधिक असतो.

टाळू शिवताना बाजूची अस्तरे हाडावरून सोडवून मध्ये आणावी लागतात. बाजूला उघडे पडलेले हाड नंतर व्रणऊतकाने झाकले जाते आणि ते आकसते तेव्हा वरच्या जबड्याची पुढे होणारी वाढ रोखली जाते. याचा सर्वांत बोलका पुरावा श्रीलंकेत मिळाला. ब्रिटिश दंततज्ज्ञ मायकेल मार्स यांनी तेथे मोठ्या वयापर्यंत शस्त्रक्रियाच न झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला आणि १९९० साली ह्यूस्टन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले, की शस्त्रक्रिया न झालेल्यांचे वरचे जबडे बऱ्यापैकी वाढलेले होते, तर लहानपणी ओठ व टाळू दोन्हींची शस्त्रक्रिया झालेल्यांचे जबडे मागे राहिलेले होते. म्हणजे वाढीची क्षमता जन्मतः नव्हती असे नाही, शस्त्रक्रियेच्या व्रणाने ती अडवली होती.

मग टाळू उशिरा शिवावी का? नाही, कारण त्याच रुग्णांचे बोलणे कायमचे बिघडलेले होते. टाळूच्या मागच्या मऊ भागाने वर उचलून नाकाचा मार्ग बंद केला नाही, तर हवा नाकातून निसटते, आवाज गेंगाणा येतो आणि 'प', 'ब', 'त', 'क' यांसारखी दाबाने उच्चारायची व्यंजने फुसकी निघतात. मूल मग घशातच आवाज अडवण्याची सवय लावून घेते आणि ती सवय नंतर मोडणे फार कठीण जाते. २०२३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फक्त टाळू दुभंगलेल्या आणि एरवी निरोगी बाळांची सहाव्या महिन्यात व बाराव्या महिन्यात केलेली शस्त्रक्रिया तपासली गेली. पाचव्या वर्षी नाकाचा मार्ग पुरेसा बंद न होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८.९ टक्के आणि दुसऱ्या गटात १५ टक्के होते. माळरान यांच्या मुलीला ओठाचाही दोष असल्यामुळे ते आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडे बहुतेक केंद्रे नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान टाळू शिवतात. तिचे वजन आणि हिमोग्लोबिन ठीक असेल, तर वर्षाच्या आसपासची तारीख चुकवू नका. ओठ सुंदर झाला म्हणून टाळूसाठी परत न आलेली मुले मी पाहिली आहेत आणि ती सात-आठ वर्षांची झाल्यावर शाळेतील बाई पाठवतात म्हणून माझ्याकडे येतात, तेव्हा माझ्या हातात फार थोडे उरलेले असते.

कोकणकडा

पहिल्या प्रतिसादात सांगितले नव्हते, आता सांगतो. माझा स्वतःचा ओठ लहानपणी शिवलेला आहे. वयाच्या विशीत मला मिशी राखावीशी वाटली, तेव्हा लक्षात आले की व्रणावर केस उगवत नाहीत आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे केस वेगवेगळ्या दिशांना वळतात, त्यामुळे मिशीत भांग पाडल्यासारखी रेघ दिसते. आमच्या केशकर्तनालयातील गड्याने बाहेरच्या बाजूचे केस थोडे लांब ठेवून ते आतल्या बाजूला वळवण्याची युक्ती शोधली, ती आजतागायत चालू आहे. मुलींना ही सोय नसते, म्हणून त्यांच्या व्रणाकडे समाज अधिक रोखून पाहतो, हे मान्य करायला हवे. पण मला शाळेत चिडवले गेले ते ओठावरून फार कमी आणि बोलण्यावरून फार जास्त. वाणीसाधना यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा आहे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेविषयी एकच विनंती. ती मुलीला समज आल्यावर करायची असेल, तर तिला विचारून करा. आईवडिलांच्या डोळ्यांना खुपणारी रेघ मुलाला खुपतेच असे नाही.

माळरान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ती जागी असताना हसवून पाहिले, दोन्ही बाजू सारख्या हलतात. कड जुळली आहे की नाही, हे मला ठरवता आले नाही, ते सर्जनांनाच विचारेन. आता दोन व्यावहारिक प्रश्न राहिले आहेत. पुढील शस्त्रक्रियांचा खर्च झेपेल का, याची चिंता आहे. शिवाय आई तिला अजून बोंडल्यानेच दूध पाजते. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर तेच चालू ठेवावे का?

सह्यकन्या

खर्चाचे मी सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष समाविष्ट आहे. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नोंद करून चिठ्ठी घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयीही तेथेच विचारावे. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत ओठाच्या आणि टाळूच्या शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. तेथे वाचा-उपचार आणि दंतोपचार एकाच छताखाली मिळतात का, हे मात्र आधी विचारून घ्या.

शल्यकर्मी

बोंडल्याबद्दल. शस्त्रक्रियेपूर्वी ते उत्तम आहे. बाळाला उभट धरून, चोच गालाच्या आतील बाजूला ठेवून, थोडे थोडे दूध सोडावे आणि मधूनमधून ढेकर काढावी, कारण अशी बाळे हवा फार गिळतात. टाळू शिवल्यानंतर मात्र साधारण तीन आठवडे तोंडात कोणतीही कडक वस्तू जाता कामा नये. बोंडल्याची चोच, स्टीलचा चमचा, स्ट्रॉ, बिस्किट, टोस्ट, खेळणी, सगळे वर्ज्य. टाक्यांवर चोच घासली, तर तेथे छिद्र पडू शकते आणि त्यातून पुढे दूध नाकात येत राहते. पेल्याच्या काठाने किंवा मऊ चमच्याच्या कडेवरून पातळ पदार्थ द्यावेत आणि प्रत्येक वेळी वर दोन घोट उकळून गार केलेले पाणी पाजावे. आईंना ही सवय आत्तापासून पेल्यावर आणायला सांगा, म्हणजे बाळ शस्त्रक्रियेनंतर उपाशी रडणार नाही. आणि टाळूच्या तारखेआधी दोन्ही कानांची तपासणी करून घ्या. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचून ऐकू कमी येते, आणि जे ऐकू येत नाही ते मूल बोलायलाही शिकत नाही. गरज असल्यास त्याच भुलेत कानाचेही काम उरकता येते.